मेल्यावरही वेठ चुकेना: फारोंच्या थडग्यातले बदली कामगार

ऑक्टोबर २०२५. नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशात, तानिस या इजिप्तच्या जुन्या राजधानीच्या अवशेषांत एक फ्रेंच पथक खोदकाम करत होतं. एका अरुंद दालनाचे तीन कोपरे साफ करून झाले होते. मधोमध एक प्रचंड दगडी शवपेटी, तिच्यावर कुणाचंच नाव नाही. चौथ्या कोपऱ्यातली माती काढताना एकाला एक खेटून ठेवलेल्या तीन-चार छोट्या मूर्ती दिसल्या. त्या सगळ्या बाहेर काढायला दहा दिवस लागले, आणि मोजदाद संपली तेव्हा आकडा २२५ होता.

ही बातमी आमच्या घरच्या ग्रुपवर आली तेव्हा एका काकांनी लगेच विचारलं, "एका राजाला एवढे देव कशाला लागतात?" प्रश्न अगदी रास्त होता. आपल्याकडे मूर्ती म्हटलं की देवच डोळ्यांपुढे येतो. पण या मूर्ती देवांच्या नाहीत, राजाच्या खेळण्यातल्याही नाहीत. त्या मजूर आहेत.

हाकेला ओ देणारा

या मूर्तींना 'उशब्ती' म्हणतात. हे नाव प्राचीन इजिप्शियन भाषेतल्या 'उत्तर देणे' या अर्थाच्या क्रियापदाशी जोडलं जातं. म्हणजे उशब्ती हा उत्तर देणारा. मराठीत याहून नेमका शब्द आहे: हाकेला ओ देणारा. त्याआधी 'शब्ती' असं नाव होतं, त्याचा मूळ अर्थ काय यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आपण उशब्तीच म्हणू.

उशब्ती दिसायला बहुतेकदा छोट्या ममीसारखी असते. अंग गुंडाळलेलं, हात छातीवर एकमेकांवर घेतलेले. नीट पाहिलं तर त्या हातांत कुदळी दिसतात आणि पाठीवर बियाण्याची पिशवी किंवा पाटी लटकलेली असते. अंगावर ओळीने मजकूर कोरलेला किंवा काळ्या शाईने लिहिलेला. या मजकुराचं सार असं:

"हे उशब्ती, अमक्याला परलोकात कामाचं बोलावणं आलं, शेतं लागवडीखाली आणायची असोत, काठच्या जमिनीला पाणी द्यायचं असो, की पूर्वेची वाळू पश्चिमेला वाहून न्यायची असो, तर तू म्हण, 'मी करतो, हा मी हजर आहे.'"

'अमक्या'च्या जागी मेलेल्या माणसाचं नाव येतं. इजिप्तचे लोक मृताबरोबर जे मंत्र ठेवत, त्यांच्या संग्रहाला आज 'मृतांचा ग्रंथ' म्हणतात. हा त्यातला सहावा मंत्र. वाळू पूर्वेकडून पश्चिमेला का न्यायची, यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात. मला त्या मंत्रातली ही सगळ्यांत खरी ओळ वाटते. सरकारी कामावर गेलेल्या कुणालाही विचारा, इकडची माती तिकडे कशासाठी टाकली हे त्याला क्वचितच सांगितलेलं असतं.

पण स्वर्गात शेती कशाला?

पहिली शंका इथेच येते. मेल्यावर सुख मिळणार असेल तर कुदळ कशाला?

इजिप्तच्या कल्पनेत मेलेल्या माणसाला आधी ओसायरिस या देवापुढे न्यायनिवाड्यासाठी उभं राहावं लागे. तराजूच्या एका पारड्यात त्याचं हृदय आणि दुसऱ्यात 'मात'चं पीस. मात म्हणजे सत्य आणि सुव्यवस्था. हृदय पापाने जड झालेलं निघालं तर मगरीच्या तोंडाची एक राक्षसीण ते खाऊन टाकी आणि तो माणूस कायमचा संपे. (आपलंच हृदय ऐनवेळी आपल्याविरुद्ध साक्ष देईल या भीतीने त्याला गप्प राहायची विनवणी करणारा मंत्रही ते बरोबर ठेवत. कागदपत्रांची तयारी जय्यत असे.)

या परीक्षेत पास झालेला जिथे जाई, ती जागा म्हणजे 'लव्हाळ्यांचं शेत', त्यांच्या भाषेत 'आरू'. हा स्वर्ग ढगांवर नाही. तिथे पाट आहेत, बांध आहेत, नांगराला जुंपलेले बैल आहेत. तिथलं पीक मात्र अफाट येतं: त्यांच्या मंत्रांत जवाचं ताट पाच हात आणि गव्हाचं सात हात उंच असल्याचं लिहिलंय. हा गहू म्हणजे आपण ज्याला खपली म्हणतो त्याच जातीचा. खपलीची लापशी खाल्लेल्याला फारोंच्या, म्हणजे इजिप्तच्या राजांच्या, स्वर्गातलं मुख्य धान्य ओळखीचं आहे म्हणायचं.

थोडक्यात, नाईलकाठच्या गावाची सगळ्यांत चांगल्या वर्षातली आवृत्ती म्हणजे त्यांचा स्वर्ग. पूर वेळेवर आलाय, टोळधाड नाही, धान्य भरपूर आहे. पण गाव तेच असेल तर गावातले नियमही तेच लागू. आणि त्यातला एक नियम कुणालाच आवडत नव्हता.

वेठ

हा नियम समजायला आपल्याला परका शब्द लागत नाही. वेठ म्हणजे राजाच्या कामासाठी रयतेने सक्तीने आणि विनामोबदला केलेली मजुरी. 'वेठीला धरणे' हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो.

इजिप्तची शेती नाईलच्या वार्षिक पुरावर चाले. पूर ओसरला की वाहून गेलेले बांध पुन्हा घालायचे, गाळाने भरलेले कालवे उपसायचे, पुसलेल्या हद्दी पुन्हा आखायच्या. हे एकट्यादुकट्याचं काम नाही. त्यासाठी राज्य माणसं गोळा करी, आणि तीही नावनिशीवार, यादी करून. यादीत नाव असूनही आला नाही तर शिक्षा. ब्रुकलिन म्युझियममध्ये इसवीसनपूर्व अठराव्या शतकाच्या आसपासचा एक पपायरस आहे. (पपायरस म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेला त्या काळचा कागद.) सरकारी कामावरून पळालेल्यांची नावं त्यावर ओळीने लिहिली आहेत आणि प्रत्येकापुढे पुढच्या कारवाईचे शेरे आहेत.

ज्या समाजात हजेरीचा एवढा धाक, तिथे परलोकातही कुणीतरी यादी घेऊन उभा असणार आणि आपलं नाव पुकारणार, असं लोकांना वाटणं साहजिक आहे. ऐपत असलेला माणूस या जगात आपल्या जागी दुसरा माणूस पाठवू शकत असे. मग त्या जगातही बदली पाठवू. उशब्ती हा तो बदली. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं काम त्याचं, आणि मालक सावलीत.

मंत्रात नाव घालणं सगळ्यांत महत्त्वाचं होतं ते यामुळेच. पुढच्या काळात साच्यातून काढलेल्या तयार उशब्ती मिळू लागल्या. काहींवर नावापुरती जागा कोरी सोडलेली आढळते, छापील फॉर्मवर 'श्री. ........' असतं तशी. ती जागा भरलीच गेली नाही, तर तो बदली कुणाचा?

राजाला कोण वेठीला धरणार?

ही शंका पहिलीपेक्षा चांगली आहे. शेतकऱ्याला वेठीची भीती असेल, पण फारो तर स्वतः वेठ लावणारा. त्याला हाक मारायची छाती कुणाची?

तरीही राजांनी उशब्ती केल्या, आणि सर्वांत जास्त त्यांनीच केल्या. राजाची सर्वांत जुनी ज्ञात उशब्ती पहिल्या आहमोसची, म्हणजे इसवीसनपूर्व सोळाव्या शतकातली. चुनखडीच्या दगडाची ती मूर्ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यानंतरची यादी लांब आहे. पहिल्या सेतीच्या ७००हून अधिक. आजच्या सुदानमध्ये नुरी इथे पिरॅमिडखाली पुरलेल्या तहारका या कुशी (इजिप्तच्या दक्षिणेकडच्या कुश राज्यातल्या) फारोच्या सुमारे १०७०, त्याही दगडात घडवलेल्या.

याचं उत्तर परलोकाच्या सातबाऱ्यात आहे. तिथली जमीन ओसायरिसची. मेल्यावर राजा स्वतः ओसायरिसशी एकरूप होतो असंही ते मानत. मंत्रांत मृताला 'ओसायरिस अमुक' असंच संबोधतात. पण इजिप्तचा धर्म परस्परविरोधी कल्पना शेजारीशेजारी सुखाने नांदवत असे. राजा देव झाला हे खरं, आणि त्याला शेतावर बोलावणं येऊ शकतं हेही खरं. दोन्ही खरं असू शकत असेल तर खबरदारी घेतलेली बरी.

राजांना हा प्रकार थोडा अवघडही वाटत असावा, असं मला मूर्ती पाहून वाटतं. तुतानखामुनच्या उशब्तींपैकी देखण्या मूर्तींच्या हातात कुदळ नाही. त्यांच्या हातात राजचिन्हं आहेत, आकडी काठी आणि कोरडा. डोक्यावर राजाचं शिरोवस्त्र, कपाळावर नाग. मग काम कशाने करणार? त्याची सोय वेगळी केली होती. कुदळी, पाट्या, कावडी यांच्या १८००हून अधिक चिमुकल्या प्रतिकृती त्याच थडग्यात होत्या. हातात राजदंड, आणि अवजारं बाजूला झाकून.

याहून बोलकं उदाहरण अखेनातेनचं. त्याने जुने देव बाजूला सारले, एकट्या सूर्यबिंबाची पूजा सुरू केली, ओसायरिसचा परलोक जवळपास पुसून टाकला. त्याच्या उशब्तींवर 'हजर आहे' हा मंत्र नाही, नुसती त्याची नावं आणि बिरुदं आहेत. पण उशब्ती आहेत. कल्पना टाकून दिली तरी बाहुल्या टाकून द्यायचा धीर त्यालाही झाला नाही.

एक माणूस ते अख्खी टोळी

सुरुवातीला, म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वी, एका माणसाला एक-दोनच मूर्ती पुरत. मेणाची किंवा मातीची छोटी आकृती, तीही कधी स्वतःच्या चिमुकल्या शवपेटीत ठेवलेली. ती मूर्ती म्हणजे मृताचीच प्रतिमा असे. माझ्या जागी मीच, पण छोटा.

पुढे हे बदललं. मूर्ती 'मी' राहिली नाही, ती 'माझा नोकर' झाली. आणि नोकर म्हटला की एकावर कोण थांबतो?

हिशोब असा बसला: वर्षाचे दिवस ३६५, म्हणून रोज एक मजूर याप्रमाणे ३६५ उशब्ती. इजिप्तचा आठवडा दहा दिवसांचा, म्हणून दर दहा मजुरांमागे एक मुकादम. असे ३६ मुकादम. एकूण ४०१. ऊसतोडीच्या टोळीवर मुकादम असतो तसाच हा. नंतरच्या काळातले मुकादम तर लांबूनच ओळखू येतात. ते ममीसारखे गुंडाळलेले नसतात, जिवंत माणसासारखं वस्त्र नेसून, एका हातात चाबूक घेऊन उभे असतात. परलोकातही मजूर पळून जातील हे गृहीत धरलेलं.

तुतानखामुनकडे ४१३ होत्या: ३६५ मजूर, ३६ मुकादम आणि वर १२ महिन्यांचे १२ मोठे मुकादम. हॉवर्ड कार्टर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाला १९२२ मध्ये सापडलेलं हे थडगं विशीही न गाठलेल्या राजाचं. त्यातल्या सहा मूर्ती भेट म्हणून आलेल्या होत्या, पाच नख्तमिन या सेनापतीकडून आणि एक माया या खजिनदाराकडून. देणाऱ्यांनी आपापली नावं तळपायाखाली कोरून ठेवली आहेत. लग्नातल्या भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत फक्त आपलीच नाही.

पैसे पोचले, कामाला लागा

त्यांचा खरंच विश्वास होता, की नुसता रिवाज होता? याचं उत्तर देणाऱ्या दोन वस्तू मला सगळ्या सोन्याच्या मुखवट्यांपेक्षा जास्त आवडतात.

पहिली म्हणजे ब्रिटिश म्युझियममधली, साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची एक पावती. आमोन या देवाच्या मंदिरातल्या मूर्तिकारांचा प्रमुख पादिखोन्सू याने ती लिहून दिली आहे. गिऱ्हाईक आपल्या बापासाठी उशब्ती घेतोय. पादिखोन्सू लिहितो की ३६५ उशब्ती आणि ३६ मुकादम अशा ४०१ नगांची किंमत चांदीत मिळाली, माझं समाधान झालं. पण पावती तिथे संपत नाही. पुढे तो थेट मूर्तींना सांगतो की आता या गृहस्थाच्या वतीने कामाला लागा. म्हणजे पैसे दिले कारागिराला, पण बांधील झाल्या मूर्ती. आगाऊ उचल घेतलेल्या मजुरासारख्या.

दुसरी वस्तू नेसखोन्स नावाच्या बाईची. ती आमोनच्या महायाजकाची बायको. तिच्यासाठी खुद्द आमोन देवाचा हुकूम काढून लाकडी फळ्यांवर लिहून ठेवला आहे. त्याचा आशय असा: या उशब्तींची पूर्ण किंमत चुकती झाली आहे, तेव्हा त्यांनी नेसखोन्ससाठी काम केलंच पाहिजे. नुसता रिवाज असता तर देवाकडून हुकूम कोण आणेल? मूर्ती कामचुकारपणा करतील ही खरीखुरी धास्ती त्यामागे दिसते. ज्याच्यावर विश्वासच नाही, त्याच्या दगाबाजीची भीतीही वाटत नाही.

आधी खरी माणसं पुरत, मग बाहुल्या आल्या?

समाजमाध्यमांवर हे वाक्य हमखास फिरतं. ऐकायला पटतं, पण काळाचा हिशोब जुळत नाही.

राजाबरोबर माणसं पुरण्याची प्रथा इजिप्तमध्ये होती हे खरं. पहिल्या घराण्यातल्या जेर या राजाच्या अबिदोस इथल्या थडग्याभोवती तीनशेहून अधिक सेवकांच्या कबरी आहेत. पण ही गोष्ट साधारण इसवीसनपूर्व ३००० च्या आसपासची, आणि ती प्रथा पहिल्या घराण्याबरोबर जवळपास संपली. उशब्ती आल्या त्यानंतर आठ-नऊशे वर्षांनी. मधल्या काळात श्रीमंतांच्या थडग्यांत पीठ दळणाऱ्या, बिअर बनवणाऱ्या नोकरांच्या मूर्ती, मग गोठे-कोठारांच्या लाकडी प्रतिकृती येत राहिल्या. पण ते घरकाम. उशब्तीचं मूळ काम वेगळं: मालकाच्या नावाने निघालेली वेठ स्वतःच्या अंगावर घेणं.

निळं-हिरवं अंग

बहुतेकांनी उशब्तीचे फोटो पाहिले असतील ते निळ्या किंवा हिरवट चकचकीत मूर्तींचे. हा पदार्थ म्हणजे फायान्स. चिकणमाती नव्हे, मुख्यतः गारगोटीची भुकटी. त्यात थोडा चुना, खार आणि तांब्याचा अंश. ओला लगदा साच्यात दाबून सुकवला की खार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतो आणि भट्टीत त्याचीच काच होते. वेगळा मुलामा द्यावा लागत नाही. निळा-हिरवा रंग म्हणजे पाणी, पालवी, पुन्हा उगवणं; ओसायरिसलाही हिरव्या अंगाचा रंगवत. शिवाय साच्यामुळे एकसारखे शेकडो नग निघत, हेही कारण कमी महत्त्वाचं नाही.

तानिसचा हरवलेला राजा

आता पुन्हा त्या चौथ्या कोपऱ्याकडे. हे थडगं दुसऱ्या ओसोर्कोनचं. पियेर मोंते या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने ते १९३९ मध्ये शोधलं, तेव्हा चोरांनी ते प्राचीन काळीच धुऊन नेलं होतं. त्यातली ती नाव नसलेली शवपेटी कुणाची, हे तेव्हापासून कोडंच होतं.

मूर्ती एका समलंब खड्ड्यात होत्या. कडेने चांदणीच्या आकारात मांडलेल्या, तळाशी आडव्या रांगांत. तानिसच्या राजथडग्यात मूर्ती अशा मूळ जागी सापडण्याची १९४६ नंतरची ही पहिलीच वेळ. निम्म्याहून अधिक मूर्ती बायकांच्या आहेत, आणि हे फार क्वचित दिसतं. आणि अंगावर नाव होतं ते तिसऱ्या शेशोंकचं, इसवीसनपूर्व सुमारे ८३० ते ७९१ या काळात राज्य केलेल्या फारोचं.

गंमत अशी की शेशोंकचं स्वतःचं थडगं त्याच आवारात आहे, भिंतींवर त्याचं नाव असलेलं. मग तो दुसऱ्याच्या अरुंद दालनात कसा? पथकाचे प्रमुख फ्रेडरिक पेरोदो यांचं म्हणणं असं की थडगं बांधणं हा जुगार होता, कारण आपला वारस आपल्याला तिथेच पुरेल याची खात्री कुणालाच नसे. शेशोंकची चार दशकं यादवीत गेली. एकाच वेळी अनेक फारो सत्तेसाठी लढत होते. चोरांच्या भीतीने त्याला नंतर इथे हलवलं असेल, अशीही शक्यता मांडली जाते. पण साडेतीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद दगडी पेटी एवढ्याशा जागेत मागाहून आणून बसवणं अवघड दिसतं.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये हा शोध जाहीर झाला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला गिझाच्या पिरॅमिडांजवळचं ग्रँड इजिप्शियन म्युझियम अधिकृतपणे खुलं झालं आणि तुतानखामुनच्या थडग्यातला खजिना पहिल्यांदाच एका छताखाली मांडला गेला. शेशोंकच्या २२५ मूर्तींचा अभ्यास अजून चालू आहे. तो संपला की त्याही इजिप्तमधल्याच एखाद्या संग्रहालयात जातील. काकांना मी एवढंच कळवलं, की देव नाहीत, मजूर आहेत, आणि निम्म्याहून अधिक बायका. त्यांचं उत्तर आलं, "म्हणजे शेतावर जास्त काम बायकाच करतात, हे त्यांनाही ठाऊक होतं."